आयर्नक्लॅड जहाजांनी खरंच कुठलं युद्ध जिंकून दिलं का?

तोफखाना
आरमारी इतिहासाच्या गप्पा निघाल्या की ९ मार्च १८६२ ही तारीख हमखास येते. अमेरिकी यादवी युद्ध, हॅम्प्टन रोड्स, उत्तरेचं मॉनिटर आणि दक्षिणेचं व्हर्जिनिया. दोन्ही आयर्नक्लॅड, म्हणजे लोखंडी कवचाची जहाजं, चार तास एकमेकांवर गोळे हाणत बसली आणि 'त्या दिवशी लाकडी आरमारांचं युग संपलं' हे वाक्य ठरलेलं.

मला हे पटत नाही. ते युग त्याआधीच संपत आलं होतं. १८५३ मध्ये सिनोपच्या बंदरात रशियन जहाजांनी फुटणारे गोळे वापरून तुर्कांचं लाकडी आरमार जाळलं, तेव्हाच लाकडाचं मरण कळलं होतं. १८५५ मध्ये रशियाच्या किनबर्न किल्ल्यासमोर फ्रेंचांच्या तीन कवचधारी तरंगत्या तोफखान्यांनी ठाण मांडलं आणि किल्ल्याचे गोळे त्यांना टेकून नुसते उडत राहिले. १८५९ मध्ये फ्रेंचांचं ग्लोआर पाण्यात उतरलं, १८६० मध्ये ब्रिटिशांचं वॉरियर. अमेरिकेतली झुंज ही वरात निघून गेल्यावर वाजलेली सनई.

त्या चार तासांत दोन्ही जहाजांवर एकही माणूस मेला नाही, निकालही लागला नाही. पुढची तीस वर्षं सगळ्या सरकारांनी या जहाजांवर अफाट पैसा ओतला. तर प्रश्न असा: आयर्नक्लॅडमुळे पारडं फिरलं असं एक तरी युद्ध दाखवा. पाणबुड्या आणि विमानवाहू नौकांवर घसरू नका, त्याचे धागे वेगळे आहेत.

चहाखारी
पहिला! आता वाचतो.

पंतांचा_नातू
९ मार्च धरून बसलात, पण खरा दिवस ८ मार्च. मॉनिटर त्या दुपारी पोचलंच नव्हतं. व्हर्जिनिया नदीतून खाली आलं, उत्तरेच्या लाकडी कंबरलँडला नाळेखालची (पुढच्या टोकाखालची) लोखंडी सोंड खुपसून बुडवलं आणि काँग्रेसला आग लावली. मिनेसोटा मदतीला येताना गाळात रुतलं. उत्तरेची दोनशेच्या वर माणसं एका दुपारी गेली. कंबरलँडच्या तोफा शेवटपर्यंत चालू होत्या, नेम बरोबर लागत होता, आणि तरी काही होत नव्हतं. लाकडी जहाजावर बसून हे बघणाऱ्याला सिनोप आणि किनबर्नचे दाखले द्यायची गरज उरली नसेल.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर नसतं तर मिनेसोटाही गेलं असतं आणि दक्षिणेची बंदरं कोंडायचा उत्तरेचा बेत निदान त्या खाडीपुरता ढासळला असता. बरोबरी झाली म्हणून महत्त्व शून्य, हे काही पटलं नाही. बरोबरीच तर उत्तरेला हवी होती.

तोफखाना
@पंतांचा_नातू, मुद्दा मान्य, पण अर्धाच. दोन महिन्यांनी, ११ मे रोजी, व्हर्जिनिया त्याच्याच लोकांनी उडवून दिलं. कारण त्याचं बंदर नॉरफोक हातचं गेलं आणि २२ फूट पाण्याशिवाय तरंगत नसलेलं ते धूड नदीत वर नेता येईना. जमिनीवरच्या सैन्याने त्याला हरवलं, मॉनिटरने नाही.

बॉयलरसूट
मी इंजिनरूमवाला माणूस, त्यामुळे माझं लक्ष नेहमी खाली.

व्हर्जिनिया म्हणजे जुन्या मेरिमॅकचा सांगाडा. उत्तरेने नॉरफोकची गोदी सोडताना ते जाळून बुडवलं होतं, दक्षिणेने वर काढलं. इंजिनं आधीच टाकाऊ ठरलेली, त्यात खाऱ्या पाण्यात भिजलेली. वर दोन-दोन इंचांचे दोन थर लोखंड, मागे दोन फूट लाकूड. नुसतं तोंड फिरवायला अर्धा तास नि वर. गोळेही बहुतेक लाकडी जहाजांसाठी आणलेले पोकळ, फुटणारे. चिलखतावर मारायचे भरीव गोळे जवळजवळ नव्हतेच.

मॉनिटर त्याचा रचनाकार एरिक्सनने शंभरेक दिवसांत बांधून घेतलं. फिरत्या टरेटमध्ये (तोफांच्या गोल बुरुजात) ११ इंची दोन तोफा. त्या फुटतील या भीतीने दारू १५ पौंडांच्या वर घालायची नाही असा हुकूम होता. म्हणजे एकाकडे योग्य गोळे नाहीत, दुसऱ्याकडे पुरेशी दारू नाही. मग चार तास ठणठणाट होणार नाही तर काय!

टरेटची गंमत वेगळीच. ते वाफेवर फिरायचं, पण एकदा फिरायला लागलं की नेमकं थांबवणं महाकठीण. शेवटी फिरता फिरताच बार काढायचे असं ठरलं. आतल्या माणसांना आपलं तोंड कुठे आहे तेही कळेना. खालच्या स्थिर डेकवर नाळ, डावं, उजवं अशा पांढऱ्या खुणा केल्या होत्या, त्या लढाईत लवकरच पुसल्या गेल्या.

आणि हे सगळं जहाज तिथवर पोचलं तर! न्यूयॉर्कहून येताना टरेटच्या बुडाखालून पाणी घुसलं. एरिक्सनचा हिशोब होता की टरेट स्वतःच्या वजनाने पितळी कड्यावर घट्ट बसेल. गोदीवाल्यांनी शहाणपणा करून मध्ये काथ्या ठासला, तो पहिल्याच लाटांनी वाहून गेला. वरून आलेल्या पाण्याने ब्लोअरचे पट्टे भिजून घसरू लागले, बॉयलरला हवा मिळेना, धूर आणि विषारी वायू इंजिनरूममध्ये साठला. माझ्या पेशातली माणसं बेशुद्ध पडली, त्यांना ओढून टरेटच्या माथ्यावर आणून टाकलं. ज्या जहाजाने इतिहास घडवला म्हणतात, ते पट्टा ओला झाला म्हणून लढाईआधीच बुडायचं. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला केप हॅटेरसजवळ ते बुडालंच, १६ माणसांसकट.

मृण्मयी_वा
बॉयलरसूट, मस्त प्रतिसाद. वाखुसा (वाचनखूण साठवली).

त्या मॉनिटरवर पाण्याच्या पातळीखाली चालणारे फ्लशचे संडास होते ना? झडपा नेमक्या क्रमाने उघडायच्या-मिटायच्या. कुणा डॉक्टरसाहेबांनी क्रम चुकवला आणि समुद्राने त्यांना आसनावरून उचललं अशी गोष्ट सांगतात.

बॉयलरसूट
हो, तीच गोष्ट. झडप कुणाचीही भीड धरत नाही.

रेवदंडा_एक्सप्रेस
एवढ्या लांब कशाला जाता? आमच्या आंग्र्यांकडे लोखंडी पत्रा असता तर आज टेम्सच्या मुखाशी जकात नाका असता.

खडूस_आजोबा
@रेवदंडा_एक्सप्रेस, कान्होजी गेले १७२९ ला. धागा एकोणिसाव्या शतकाचा आहे. आणि त्यांच्या गुराबांचं (लढाऊ गलबतांचं) बळ उथळ पाण्यात चपळाईने फिरण्यात होतं, त्यावर पत्रा ठोकला असता तर अलिबागच्या खडकावरच बसला असता तुमचा जकात नाका.

रेवदंडा_एक्सप्रेस
आजोबा, स्मायली टाकायची राहिली हो :)

चहाखारी
वाचून झालं. कोरियन लोकांची कासव-जहाजं सोळाव्या शतकातली. ती पहिली आयर्नक्लॅड नाहीत का?

तोफखाना
@चहाखारी, त्यांच्या पाठीवर लोखंडी पत्रे होते की नुसते खिळे, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. शिवाय ती वल्ह्यांवर चालणारी. इथे वाफ, कवच आणि मोठी तोफ असं तिन्ही एकत्र आलेल्या जहाजांबद्दल बोलू.

खडूस_आजोबा
मूळ प्रश्नावर येतो. लिसा, २० जुलै १८६६, एड्रियाटिक समुद्र. आयर्नक्लॅडांच्या ताफ्यांची पहिली मोठी लढाई. इटलीची बारा कवचधारी जहाजं, ऑस्ट्रियाची सात. इटलीची जहाजं नवी, तोफा भारी. पण त्यांचा दर्यासारंग पेर्सानो लढाईच्या तोंडावर रे दितालियावरून उतरून आफोन्दातोरेवर गेला आणि हे बऱ्याच कप्तानांना कळलंच नाही. ते आपले जुन्या जहाजाकडे इशाऱ्यांसाठी बघत बसले. ऑस्ट्रियाचा टेगेटहॉफ ताफ्याचा पाचर करून सरळ घुसला. रे दितालियाचं सुकाणू निकामी होऊन ते जागीच थबकलं आणि फर्डिनांड माक्सने कुशीत धडक दिली. काही मिनिटांत जहाज तळाला, चारशेच्या आसपास माणसं गेली. पालेस्त्रो पेटून स्फोटात उडालं.

आता तोफखान्यांच्या तराजूत घाला. लढाई ऑस्ट्रियाने जिंकली, युद्ध हरले. त्याआधीच ३ जुलैला प्रशियाने त्यांना कोनिग्ग्रेट्झला लोळवलं होतं. हरलेल्या इटलीला व्हेनिस मिळालं. तेव्हा धागाकर्त्यांच्या बाजूने एक गुण.

पंतांचा_नातू
लिसाने खरं नुकसान वेगळंच केलं. एका थांबलेल्या जहाजाला धडक बसली आणि सगळ्या जगाने धडा घेतला की सोंड हेच शस्त्र! पुढची तीस वर्षं प्रत्येक जहाजाला सोंड. शत्रूची जहाजं त्याने क्वचित बुडाली, स्वतःची मात्र बुडाली. १८७५ मध्ये ब्रिटिशांच्या आयर्न ड्यूकने धुक्यात आपल्याच व्हॅनगार्डला बुडवलं. १८७८ मध्ये जर्मनांच्या कोनिग विल्हेल्मने आपल्याच ग्रोसर कुरफुर्स्टला. १८९३ मध्ये त्रिपोलीजवळ (लेबनॉनचं) कवायतीत ब्रिटिशांचंच कॅम्परडाउन व्हिक्टोरियावर आदळलं, दर्यासारंग ट्रायनसकट ३५८ माणसं गेली. ट्रायनने दोन रांगांना एकमेकींकडे वळायचा हुकूम दिला होता आणि मधलं अंतर पुरणार नाही हे हाताखालच्यांना दिसत होतं. पण साहेबांना सांगणार कोण?

मृण्मयी_वा
हे वाचून आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा आठवल्या. नशिबाने तिथे पाणी नसतं.

टेम्सकाठी
मी पोर्ट्समथला वॉरियर बघून आले आहे, म्हणून थोडं.

बाहेरून ते आयर्नक्लॅड वाटतच नाही. लांबलचक काळं जहाज, तीन डोलकाठ्या, शिडांचा सरंजाम. आत तोफांच्या डेकवर प्रत्येक दोन तोफांच्या मध्ये जेवणाचं टेबल टांगलेलं, वर झोळ्यांचे हूक. म्हणजे खलाशी तोफेला टेकूनच जेवणार आणि तिच्या डोक्यावर झोपणार. कवच साडेचार इंच, पण फक्त मधल्या भागाला. नाळ आणि मागचा भाग, म्हणजे सुकाणूसुद्धा, उघडाच.

आपल्याकडच्या वाचकांसाठी: त्या लोखंडामागे १८ इंच सागवान आहे. गोळा बसला की लोखंड तडकू नये, धक्का जिरावा म्हणून. म्हणजे लोखंडाने लाकडाला हाकललं म्हणतो ते पूर्ण खरं नाही, त्याला मागच्या बाकावर बसवलं.

वॉरियरने आयुष्यात शत्रूवर एकही गोळा झाडला नाही. दहा-बारा वर्षांत मागे पडलं आणि पुढे पन्नास वर्षं वेल्समध्ये पेंब्रोक डॉकला तेल भरायचा तराफा म्हणून बांधून ठेवलं होतं. १९७९ ते १९८७ हार्टलपूलला डागडुजी झाली. ते गेलं त्याच वर्षी डागडुजीसाठी तिथे आलेलं जहाज होतं ट्रिंकोमाली, १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं. ते अजून तिथेच आहे. दोन्ही बघावीत, आधी ट्रिंकोमाली.

गिरगावकर
टेम्सकाठी ताईंनी मुंबईचं नाव काढलंच आहे तर सांगतो. मुंबईच्या बंदराला स्वतःची दोन आयर्नक्लॅड होती हे किती जणांना ठाऊक आहे? मॅगडाला आणि ॲबिसिनिया. दोन्ही १८७० ची, इंग्लंडात बांधून इकडे आणलेली, खास मुंबईच्या रक्षणासाठी. पुढे-मागे एकेक टरेट, प्रत्येकी दोन तोफा, पाण्याला टेकलेलं डेक. मॅगडालाचं सख्खं भावंड सर्बेरस ऑस्ट्रेलियात, त्याचा सांगाडा मेलबर्नजवळ ब्लॅक रॉकला लाटा अडवायला बुडवून ठेवलाय, अजून दिसतो.

नावं अशी का? १८६८ ची हबशाणवरची (ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया) मोहीम. सम्राट टेवोड्रोसने युरोपियन कैदेत टाकले, तेव्हा मुंबई फौजेचा सेनापती रॉबर्ट नेपियर इथूनच सैन्य, खेचरं आणि हत्ती घेऊन गेला आणि मॅगडालाचा डोंगरी किल्ला घेतला. त्या विजयाची नावं या जहाजांना.

लढाई? एकही नाही. रशियन जहाजं येतील ही धास्ती अधूनमधून उठायची, मिडल ग्राउंड, क्रॉस आयलंड, ऑयस्टर रॉकवर तोफा रोखलेल्या असायच्या आणि ही दोघं बंदरात नांगर टाकून. तीसेक वर्षांनी, १९०३-०४ च्या सुमारास, विकून टाकली. आता मे महिन्याच्या दुपारी मुंबईच्या खाडीत लोखंडी पेटीत बसून रशियाची वाट बघणाऱ्या खलाशाची कल्पना करा.

रेवदंडा_एक्सप्रेस
त्यापेक्षा रशियाच्या हवाली होणं परवडलं. (या वेळी स्मायली टाकली आहे असं समजा.)

बॉयलरसूट
गिरगावकर, ही जहाजं उघड्या समुद्रासाठी नव्हतीच. डेक पाण्याला टेकलेलं असलं की नेम धरायला शत्रूला काही दिसत नाही, पण लाटाही थेट वर. आणि असल्या बुटक्या जहाजावर शिडं चढवली की काय होतं ते ब्रिटिशांच्या कॅप्टन या जहाजाने दाखवलं. टरेटचा पुरस्कर्ता कूपर कोल्सला टरेटही हवं, पूर्ण डोलकाठ्याही हव्यात. मुख्य रचनाकार एडवर्ड रीड नको म्हणत होता. कोल्सने वृत्तपत्रं आणि पार्लमेंट मागे लावून बांधून घेतलं. त्यात वजन वाढून ते ठरल्यापेक्षा आणखी खाली बसलं. ७ सप्टेंबर १८७० च्या रात्री फिनिस्टेअरजवळ वाऱ्यात उलटलं. सुमारे ४८० माणसं, त्यात स्वतः कोल्स आणि आरमारमंत्री चिल्डर्सचा तरुण मुलगा. मंत्र्याने विश्वासाने मुलाला त्या जहाजावर पाठवलं होतं.

दर्यावर्दी
उशिरा आलो, बोटीवर नेट रडतं. पण ज्या उत्तराची वाट बघत होतो ते अजून कुणी दिलं नाही. हुआस्कार.

चिलीत ताल्काउआनोला नांगरून ठेवलंय, मी पाहिलंय. इंग्लंडात बर्कनहेडला बांधलेलं पेरूचं छोटं टरेटवालं जहाज, साडेचार इंच कवच. १८७९ ते १८८३ पॅसिफिकचं युद्ध, एका बाजूला चिली, दुसरीकडे पेरू आणि बोलिव्हिया. भांडण सोऱ्याच्या खाणींचं, आणि त्या आताकामाच्या वाळवंटात. तिथे ना रस्ता, ना पाणी. सैन्य न्यायचं तर समुद्रातूनच. मग समुद्र ज्याचा, त्याचं युद्ध.

पेरूची खरी कामाची आयर्नक्लॅड दोन. २१ मे १८७९ रोजी इकिकेला हुआस्कारने एस्मेराल्डा या लाकडी चिलियन जहाजाला तीन धडका देऊन बुडवलं. तिचा कप्तान आर्तुरो प्रात पहिल्या धडकेला तलवार घेऊन हुआस्कारच्या डेकवर उडी मारून आला आणि तिथेच मेला. पण त्याच दिवशी पेरूचं दुसरं, मोठं इंदिपेन्देन्सिया एका चिमुकल्या जहाजाच्या मागे लागून खडकावर चढलं नि गेलं. उरलं एक.

त्या एका जहाजाने, मिगेल ग्राऊच्या हाताखाली, पुढचे साडेचार महिने चिलीचं अख्खं सैन्य किनाऱ्यावर बसवून ठेवलं. आज या बंदरावर, उद्या त्या. जुलैत रिमाक हे वाहतुकीचं जहाज घोडदळासकट पकडून नेलं. चिलीत लोक रस्त्यावर आले, आरमारप्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. चिलीने सगळं बाजूला ठेवून कोक्रेन आणि ब्लांको एन्कालादा या आयर्नक्लॅडांचे तळ साफ केले, बॉयलर दुरुस्त केले आणि फक्त हुआस्कारच्या मागे लावले. ८ ऑक्टोबरला आंगामोसजवळ गाठलं. सुरुवातीलाच कप्तानाच्या कवचकोठडीवर गोळा बसला आणि ग्राऊचे तुकडे झाले. मग एकामागून एक अधिकारी पडत गेले. शेवटी खलाशांनी जहाज बुडवायला झडपा उघडल्या, चिलियन चढले आणि त्यांनी त्या बंद केल्या.

२ नोव्हेंबरला चिलीचं सैन्य पिसाग्वाला उतरलं. महिनाभरही लागला नाही! पुढे लिमा पडलं, सोऱ्याचा मुलूख गेला, बोलिव्हियाचा समुद्रच गेला. तोफखाना, घ्या तुमचं युद्ध.

जाता जाता: ग्राऊने प्रातच्या विधवेला त्याची तलवार आणि वस्तू सांत्वनाच्या पत्रासह परत पाठवल्या होत्या. हुआस्कारच्या डेकवर दोघांच्याही मृत्यूच्या जागा जपल्या आहेत. माझ्यासोबतचे चिलियन लोक ग्राऊच्या जागेपाशीही टोपी काढून उभे राहत होते.

टेम्सकाठी
दर्यावर्दी, प्रतिसाद नव्हे, स्वतंत्र लेख आहे हा. लिहाच.

तोफखाना
@दर्यावर्दी, हे घ्यावंच लागेल. पण बघा, यात कवचापेक्षा भूगोल बोलतो. वाळवंटाऐवजी रेल्वे असती तर ग्राऊ कितीही शूर असता, काय करणार होता? आयर्नक्लॅड तिथेच निर्णायक ठरलं, जिथे पाण्याशिवाय वाट नव्हती आणि समोरच्याकडे तसली जहाजं मोजकी होती.

पंतांचा_नातू
मग त्याच न्यायाने अमेरिकेतल्या नद्या बघा की! तुम्ही सगळे हॅम्प्टन रोड्सवर अडकलात. त्याच्या महिनाभर आधी, ६ फेब्रुवारी १८६२ ला, टेनेसी नदीवरचा दक्षिणेचा किल्ला फोर्ट हेन्री, उत्तरेचा आरमारी अधिकारी अँड्रू फुट याच्या आयर्नक्लॅड गनबोटींनी सेनापती ग्रँटचं पायदळ पोचायच्या आत घेतला. सेंट लुईसच्या ईड्सने बांधलेली ती बुटकी, उतरत्या भिंतींची जहाजं. आठवड्याभराने फोर्ट डोनेलसनला मार खाल्ला, कारण तोफा उंचावर होत्या आणि गोळे वरून पडत होते. पण १८६३ मध्ये उत्तरेच्याच पोर्टरचा ताफा रात्री मिसिसिपीवरच्या व्हिक्सबर्गच्या तोफांखालून निसटला, त्यामुळेच ग्रँटला सैन्य नदीपार नेता आलं. मिसिसिपी उत्तरेकडे गेली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. यावर कादंबऱ्या कमी, चित्रं कमी, म्हणून कुणी बोलत नाही.

बॉयलरसूट
+१. फक्त फोर्ट हेन्रीला एसेक्सच्या बॉयलरमध्ये गोळा घुसला होता आणि आतली माणसं वाफेने भाजून मेली, तेही लिहा. कवच अर्धवट असलं की असं होतं.

खडूस_आजोबा
आणि सुरुंग विसरू नका. त्याच ईड्सच्या जहाजांपैकी कैरो डिसेंबर १८६२ मध्ये याझू नदीत सुरुंगाने बारा मिनिटांत बुडालं. टेकम्सी हे दुसरं जहाज १८६४ मध्ये मोबील गावच्या खाडीत तसंच. आणि दर्यावर्दींचं ब्लांको एन्कालादा, ज्याने हुआस्कार पकडलं, ते १८९१ च्या यादवीत छोट्या बोटींच्या टॉर्पेडोने गेलं. लाखो पौंडांचं जहाज आणि काही शे पौंडांचा टॉर्पेडो.

तोफखाना
ठीक, पॅसिफिक आणि मिसिसिपी हे दोन मी मान्य केले. यालूच्या लढाईबद्दल (१८९४) कुणी लिहिणार का? चीनची दिंगयुआन आणि झेनयुआन शेकडो गोळे खाऊनही बुडाली नाहीत, तरी चीन हरला. माझ्या मते तिथे जपानच्या झटपट मारणाऱ्या छोट्या तोफांनी काम केलं, पण चिनी दारूगोळ्याची अवस्था नीट ठाऊक असलेल्याने लिहावं.

दर्यावर्दी
लिहितो, पण पुढच्या बंदरात. इथे दोन दिवसांत फक्त एवढंच अपलोड झालं.

चहाखारी
कैरो बुडालं ते वर काढून व्हिक्सबर्गला ठेवलंय ना? पुढच्या वर्षी तिकडे जायचं आहे, आत जाऊ देतात का?

पंतांचा_नातू
हो, राष्ट्रीय लष्करी उद्यानात छपराखाली उभं आहे. जितकं उरलंय तेवढं मूळचं, बाकी चौकट बांधून आकार दाखवलाय. खलाशांच्या वस्तूंचं संग्रहालय शेजारीच आहे, ते आधी बघा, उन्हाळ्यात गेलात तर सकाळी लवकर.